आपल्या नगरचे तात्या : सदाशिव अमरापूरकर



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने दोन पर्याय दिले होते. एक, शाळेच्या आठवणी. दुसरा, आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या नामवंत व्यक्तीचा परिचय. आठवणी लिहिणारे हात भरपूर आहेत आणि ते माझ्यापेक्षा खुमासदार लिहितील, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. नगर जिल्ह्यातली मोठी माणसं म्हटलं की आपण चौंडीच्या अहिल्यादेवींपासून सुरुवात करतो, नेवाशाच्या ज्ञानेश्वरीवर येतो आणि शिर्डीला पोचतो. मी मात्र एका अशा माणसावर लिहिणार आहे, ज्याला सिनेमागृहात बसलेला प्रेक्षक मनापासून शिव्या द्यायचा आणि ती त्याच्या कामाची पावती असायची. सदाशिव अमरापूरकर. त्यांना जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. माझ्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलामुलींना फोटो दाखवला तर चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. सहायक अभिनेत्याच्या वाट्याला हेच येतं. म्हणून हा लेख.

अमरापूरकरांचा जन्म ११ मे १९५० चा, नगरचा. मूळ नाव गणेशकुमार. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी ते कायम तात्या राहिले. सदाशिव अमरापूरकर हे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतलं. त्यातलं अमरापूर म्हणजे आपल्या शेवगाव तालुक्यातलं. नगरहून तिसगावमार्गे शेवगावला जाताना ते गाव लागतं. रेणुकामातेच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेक जण तिथे गेलेले असतील. पुढे तीन दशकं हिंदी सिनेमांच्या पोस्टरवर आणि श्रेयनामावलीत हे नाव झळकत राहिलं आणि दरवेळी त्यात शेवगाव तालुक्यातलं एक गाव झळकत राहिलं. नटाला मुंबईत शोभेल असं सुटसुटीत नाव घेण्याचा तो काळ होता. त्यांनी गावाचं नाव निवडलं.

त्यांनी पुणे विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केलं. ही पदवी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. नाटकाचं वेड शाळेपासूनचं. एकविसाव्या वर्षापासून ते नेटाने रंगभूमीवर उभे राहिले आणि सिनेमात स्थिरावण्याआधी पन्नासेक नाटकांत त्यांनी काम केलं. काही नाटकं दिग्दर्शितही केली. नगरला नाटकाची हवा जुनी आहे. मूकपटांचा काळ संपताना पडद्यावर आलेले आणि पुढे कृष्णाच्या भूमिकांनी घराघरांत पोचलेले शाहू मोडक याच शहरात १९१८ साली जन्मले. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’वाले मधुकर तोरडमल अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एकांकिका, स्पर्धा, तालमी, उसने आणलेले पोशाख आणि प्रयोगाच्या दिवशी ऐनवेळी गायब होणारा कुणीतरी नट, हे सगळं आपण आपल्या स्नेहसंमेलनात छोट्या प्रमाणात अनुभवलेलं आहे. अमरापूरकर अशाच हौशी मुशीतून बाहेर पडले.

मोठ्या पडद्यावर ते पहिल्यांदा आले ते १९७९ साली, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा हा चित्रपट चाफेकर बंधूंनी पुण्यात केलेल्या रँडच्या वधावर आहे. त्यात अमरापूरकरांनी लोकमान्य टिळक साकारले. ज्या नटाला पुढे देशाने गुंड, दलाल आणि भ्रष्ट पुढारी म्हणून ओळखलं, त्याची पडद्यावरची सुरुवात टिळकांपासून झाली, हे आज अनेकांना ठाऊक नसतं.

नंतर १९८१-८२ च्या सुमारास ‘हँड्स अप’ हे नाटक आलं. अविनाश मसुरेकर आणि भक्ती बर्वे त्यात प्रमुख भूमिकांत होते. अमरापूरकरांचं काम गाजलं. त्याच सुमारास दिग्दर्शक गोविंद निहलानी आपल्या नव्या चित्रपटासाठी एक नट शोधत होते. त्यांनी हे नाटक पाहिलं आणि रामा शेट्टी त्यांना सापडला.

अमरापूरकरांच्या आयुष्यात १९८३ हे वर्ष कळीचं. या एका वर्षात विजय तेंडुलकरांच्या दोन कामांशी त्यांचं नाव जोडलं गेलं. तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ हे नाटक त्यांनी रंगभूमीवर दिग्दर्शित केलं. समाजवादी विचारांचे नाथ देवळालीकर, दलित कवीशी लग्न करणारी त्यांची मुलगी आणि त्या लग्नात तिची होणारी मारहाण, असा तो विषय. बापाची तत्त्वं आणि मुलीचं जगणं यांची ओढाताण त्यात आहे. नाटकावर वाद झाले, टीका झाली, आणि पुढे १९९३ साली याच नाटकासाठी तेंडुलकरांना सरस्वती सन्मान मिळाला. असा नाजूक, दोन्ही बाजूंनी चटका देणारा विषय हाताळायला दिग्दर्शकाचं डोकं थंड आणि वाचन पक्कं लागतं. अमरापूरकरांकडे ते होतं.

दुसरं काम म्हणजे ‘अर्धसत्य’. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. ओम पुरी त्यात अनंत वेलणकर हा फौजदार झाले. वेलणकर प्रामाणिक आहे, रागीट आहे, आणि व्यवस्थेपुढे हतबल आहे. त्याच्यासमोर उभा आहे रामा शेट्टी, मटका-दारूच्या धंद्यातून वर आलेला आणि आता निवडणुकीच्या राजकारणात उतरणारा. अमरापूरकरांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले. हा चित्रपट आजच्या तरुणांनी पाहिला तर त्यांना आश्चर्य वाटेल, कारण हा खलनायक ओरडत नाही. डोळे गरागरा फिरवत नाही, हसून पडदा हलवत नाही. तो आपल्या घरी निवांत बसलेला असतो, पोलीस अधिकारी समोर असतानाही त्याची बैठक बदलत नाही, आवाज चढत नाही. आपलं कुणी काही वाकडं करू शकणार नाही याची त्याला इतकी खात्री आहे की ओरडण्याची गरजच नाही. गब्बरसिंग येऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्या छापाचे खलनायक दर शुक्रवारी पडद्यावर येत होते. त्या गर्दीत हा माणूस खरा वाटला. असे लोक प्रत्येकाने आपापल्या गावात, नगरपालिकेच्या आवारात पाहिलेले होते.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देते. आम्ही एखादी प्रणाली तयार करतो तेव्हा ती किती मजबूत आहे हे नुसतं पाहून कळत नाही. तिच्यावर भार टाकावा लागतो, त्याला आम्ही लोड टेस्टिंग म्हणतो. भार खोटा किंवा हलका असेल तर निकालाला काही अर्थ नसतो. कथेत नायकाचंही तसंच असतं. अनंत वेलणकर आतून कुठे आणि कसा मोडत जातो हे आपल्याला कळतं, कारण समोरचा रामा शेट्टी खरा आहे. ओम पुरींना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो त्यांच्या हक्काचाच होता. पण त्या कामाला धार लावणारा दगड शेवगावच्या मातीतला होता. १९८४ साली अमरापूरकरांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तेव्हा ते जेमतेम चौतीस वर्षांचे होते.

त्यानंतर व्यावसायिक हिंदी सिनेमाने त्यांना उचललं. ‘तेरी मेहरबानियाँ’, अमिताभ बच्चनचा ‘आखरी रास्ता’, आणि १९८७ चा ‘हुकूमत’. अनिल शर्मांच्या या चित्रपटात समोर धर्मेंद्र होते आणि तो त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला. मग धर्मेंद्र नायक आणि अमरापूरकर खलनायक ही जोडी एकामागून एक चित्रपटांत दिसू लागली. यातले पुष्कळसे चित्रपट आज कुणी मुद्दाम बघायला जाणार नाही. पटकथा तीच, सूड तोच, शेवटची मारामारीही तीच. पण अशा चित्रपटांतही त्यांनी प्रत्येक माणसाला काहीतरी वेगळं दिलं, कधी बोलण्याची लकब, कधी चालण्याची ढब. खलनायक म्हणून आडदांड देह किंवा घोगरा आवाज त्यांच्याकडे नव्हता. जे केलं ते उच्चारावर, नजरेवर आणि थांबण्यावर केलं. ती नाटकाची शिदोरी होती.

याच धबडग्यात १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका आली. रविवारी सकाळी घरोघरी ती लागायची. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्यातल्या महात्मा फुल्यांवरच्या भागात फुल्यांची भूमिका अमरापूरकरांनी केली. नगरकर म्हणून मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ही मालिका ज्या पुस्तकावर बेतली आहे ते ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ पंडित नेहरूंनी १९४४ साली लिहिलं ते आपल्या भुईकोट किल्ल्याच्या कैदेत. नेहरूंची ती खोली आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. दुसरी गोष्ट, मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा जोतीरावांना मिळाली त्यात नगरच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेचा मोठा वाटा होता, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही इथेच. म्हणजे नगरच्या किल्ल्यात लिहिलेलं पुस्तक, नगरमध्ये शाळेची प्रेरणा घेतलेला माणूस आणि ती भूमिका करणारा इतिहासाचा पदवीधर नटही नगरचाच. बेनेगलांनी हे जुळवून आणलं असेल असं नाही, पण जुळलं खरं.

आता १९९१ चा ‘सडक’. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात संजय दत्त आणि पूजा भट्ट प्रमुख भूमिकांत आहेत. अमरापूरकरांनी त्यात महाराणी साकारली, कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी व्यक्तिरेखा. त्या काळी हिंदी सिनेमात अशी व्यक्तिरेखा म्हणजे दोन मिनिटांचा टवाळीचा प्रसंग. आजच्या नजरेने पाहिलं तर ‘सडक’मधल्या या चित्रणावरही आक्षेप घेता येतील, आणि ते घेतले गेलेही पाहिजेत. पण नट म्हणून अमरापूरकरांनी त्या भूमिकेची थट्टा होऊ दिली नाही. साडी नेसून ते पडद्यावर आले की हसू येत नाही, भीती वाटते. फिल्मफेअरने नकारात्मक भूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार १९९२ साली सुरू केला, आणि तो पहिलाच पुरस्कार या भूमिकेला मिळाला.

इथे मला एक गोष्ट शेजारी ठेवायची आहे. ‘सडक’च्या दोन वर्षं आधी, १९८९ साली, नगरमध्ये ‘स्नेहालय’ ही संस्था सुरू झाली. देहविक्रयात अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांची मुलं यांच्यासाठी तिचं काम उभं राहिलं, पुढे एचआयव्हीबाधितांसाठीही. या संस्थेशी अमरापूरकर जवळून जोडलेले होते. पडद्यावर मुलींचा बाजार मांडणारी महाराणी ज्याने केली, तोच माणूस आपल्या शहरात त्याच बाजारातून सुटू पाहणाऱ्यांच्या पाठीशी उभा होता. त्या भूमिकेत जो थंड क्रूरपणा आहे, तो कुठून आला असेल याचा विचार ‘सडक’ पाहताना माझ्या मनात येतो.

‘सामाजिक कृतज्ञता निधी’ हे त्यांच्या कामाचं आणखी एक ठिकाण. पूर्ण वेळ समाजकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरात चूल पेटती राहावी म्हणून दरमहा मानधन देणारा हा निधी. तो उभा करण्यासाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांच्यासारख्या कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले, त्यात अमरापूरकरही होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात ते होते, आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाशीही त्यांचा संबंध होता. इतिहासाची पदवी अशी कामी येत राहिली. हिंदी सिनेमाने त्यांना पैसा आणि प्रसिद्धी दिली. ती प्रसिद्धी त्यांनी अशा कामांना उसनी दिली. चेहरा ओळखीचा असला की सभेला माणसं येतात, आणि माणसं आली की पेटीत पैसे पडतात, हे साधं गणित त्यांना कळलेलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हिंदी सिनेमातला खलनायक मागे पडू लागला. १९९३ च्या ‘बाजीगर’ आणि ‘डर’मध्ये नायकाच्या दर्जाचा नटच वाईट वागू लागला, आणि पाठोपाठ लग्नाघरचे, मोठ्या कुटुंबांचे सिनेमे आले. त्यांत गुंडाला जागाच नव्हती. या बदलात कितीतरी जण बेकार झाले. अमरापूरकर विनोदाकडे वळले. डेव्हिड धवनच्या ‘आँखें’मध्ये ते इन्स्पेक्टर होते, आणि १९९५ च्या ‘कुली नंबर वन’मध्ये लग्नं जुळवणारे शादीराम घरजोडे. अपमान झालेला हा मध्यस्थ सूड म्हणून गोविंदाला श्रीमंत स्थळ बनवून उभा करतो, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. आपण तेव्हा दहावीच्या उंबरठ्यावर होतो. वर्गातल्या एका जोडणी-तज्ज्ञाला वर्षभर शादीराम म्हणत होते, तो हे वाचत असेलच. पुढे ‘इश्क’मधला पैशाच्या मस्तीत वावरणारा बापही गाजला. ज्या शांतपणाने रामा शेट्टी भीती घालायचा, त्याच शांतपणाने शादीराम हसवायचा. हत्यार एकच होतं.

तीनशेच्या आसपास चित्रपट झाल्यावर त्यांनी हिंदीतलं काम हळूहळू कमी केलं. मराठीत सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘वास्तुपुरुष’ आणि ‘सावरखेड एक गाव’ अशा निवडक चित्रपटांत ते दिसले. भाषणं, शिबिरं, संस्था यांत जास्त वेळ जाऊ लागला.

मार्च २०१३ मधली घटना तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या मराठवाड्यात टँकरच्या मागे रांगा लागल्या होत्या. मुंबईत वर्सोव्याला त्यांच्या घराजवळ होळीनिमित्त रेन डान्स चालू होता, पाणी रस्त्यावर वाहत होतं. अमरापूरकरांनी जाऊन आक्षेप घेतला. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. तिथल्या तरुणांनी त्यांना मारहाण केली. बातमी टीव्हीवर आली, कपडे फाटलेले, अंगावर मार. पडद्यावर शेकडो वेळा मार खाल्लेल्या या नटाला खरा मार मिळाला तो पाण्यासाठी. शेवगाव-पाथर्डीच्या माणसाला वाहून जाणारं पाणी बघवत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा ते ऐन बाविशीत होते. आपल्या घरातल्या मोठ्यांनी त्या वर्षाच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या असणार.

त्यानंतर जेमतेम महिनाभराने, ३ मे २०१३ ला, ‘बॉम्बे टॉकीज’ प्रदर्शित झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ला शंभर वर्षं पूर्ण झाली म्हणून चार दिग्दर्शकांनी चार छोट्या गोष्टी केल्या होत्या. त्यातली दिबाकर बॅनर्जींची गोष्ट सत्यजित राय यांच्या कथेवर आहे. नवाजुद्दीन सिद्दीकी त्यात एक फसलेला नट आहे. त्याला एका सिनेमात काम मिळतं, ते इतकंच की रस्त्याने चालत यायचं आणि नायकाला धडकायचं. एवढ्याशा कामाने तो खट्टू होतो. तेव्हा या जगात नसलेला त्याचा नाटकातला गुरू त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याला भानावर आणतो. मग तो त्या धडकण्याची तालीम करू लागतो. हा गुरू म्हणजे अमरापूरकर. काही मिनिटांचं काम. छोट्या भूमिकांनी आयुष्य उभं केलेल्या नटाला शेवटच्या दिवसांत छोट्या भूमिकेचं मोल सांगणारी भूमिका मिळाली.

३ नोव्हेंबर २०१४ ला फुप्फुसाच्या आजाराने मुंबईत त्यांचं निधन झालं. वय चौसष्ट. अंत्यसंस्कार मुंबईत झाले नाहीत. त्यांना नगरला आणलं गेलं.

मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं काम वापरणाऱ्याला कधी दिसत नाही, दिसलंच तर ते बिघडल्यावर. आपल्या वर्गातही थोडेच जण व्यासपीठावर असतात. बाकीचे कुणी बँकेत आहेत, कुणी शेती सांभाळतात, कुणी दवाखान्यात रात्रपाळी करतात, आणि आपल्या शिक्षकांनी तर सगळं आयुष्य दुसऱ्यांना पुढे करण्यात घालवलं. अशा सगळ्यांच्या स्नेहमेळाव्यात सदाशिव अमरापूरकरांची आठवण निघावी असं मला वाटलं. नायक होण्याची वाट न पाहता मिळालेलं काम त्यांनी पुरं केलं, आणि त्यातून जे मिळालं त्यातला वाटा गावाकडे परत पाठवला.

मेळाव्याच्या आयोजकांना एक विनंती आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाण्यांच्या भेंड्यांनंतर तासभर मोकळा ठेवला आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत दिसतं. प्रोजेक्टर शाळेत आहेच. ‘अर्धसत्य’मधले रामा शेट्टीचे प्रसंग आणि ‘भारत एक खोज’मधला फुल्यांचा भाग आपण एकत्र बसून पाहू. एकच माणूस, दोन टोकं. आणि जमलं तर त्या दिवशी ‘स्नेहालय’साठी एक पेटी फिरवू. तात्यांना हा कार्यक्रम आवडला असता.